चार नंबरचा आरसा

“चार नंबर रिकामी आहे का गं?”

कुंभोजकर बाईंनी हे इतक्या हळू विचारलं की चोरीचा माल आणलाय असंच वाटावं. एका परीने तसा तो होताही. त्यांच्या कापडी पिशवीत वर मेथीची जुडी होती आणि तिच्याखाली दडवलेलं कुरिअरचं करडं पाकीट. फोनवरून मागवलेला कुर्ता. आमच्या दुकानातला नव्हे, भलत्याच कुणाचा. आणि तो घालून बघायला त्या आमच्या दुकानाच्या ट्रायल रूममध्ये आल्या होत्या.

“रिकामी आहे,” मी म्हटलं. “पण आज जरा लवकर आटपा, बाई. पुण्याहून मोठे लोक यायचेत.”

“मग नंतर येऊ का?”

“नको. जावा आत.”

मी त्यांच्या हातात पाकीट आणि चार नंबरचं हिरवं टोकन ठेवलं आणि मेथीची पिशवी माझ्या स्टुलाखाली सरकवली.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. सांगली-मिरज रस्त्यावरच्या गगन मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर कपड्यांचं एक मोठं दुकान होतं. त्या दुकानाच्या बायकांच्या ट्रायल रूमबाहेर मी नऊ वर्षं स्टुलावर बसले. सहा खोल्या, सहा रंगांची टोकनं. आत जाणारीचे कपडे मोजायचे, टोकन द्यायचं, बाहेर आल्यावर पुन्हा मोजायचे. बिल करताना टोकन पावतीला टाचलं जायचं, म्हणजे कुठल्या खोलीतून किती माल विकला गेला ते कंपनीला कळायचं. काम एवढंच. बाकी जे मी करत होते, ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मॉल नवा होता तेव्हा आसपासच्या गावांतून लोक जीप करून यायचे. फिरत्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बायका निऱ्या मुठीत धरून उभ्या राहायच्या आणि मागे रांग लागायची. मी सांगते त्या वर्षी तो जिना फक्त रविवारी चालू करत. इतर दिवशी तो साधा जिना होता, जरा जास्तच उंच पायऱ्यांचा. खाण्याच्या नऊ गाड्यांतल्या दोन उरल्या होत्या. खालच्या कारंज्यात कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं आणून ठेवली होती.

गिऱ्हाइकं येत होती, पण खरेदीला नाही. आधी आधी बायका कपडा घालून बघायच्या, लेबलाचा फोटो काढायच्या आणि घरी जाऊन फोनवर तोच मागवायच्या. पुढे तेही सुटलं. थेट घरी पाकीट मागवायचं आणि ते घेऊन माझ्याकडे यायचं. पहिल्यांदा एकजण आली तेव्हा मला हसूच आलं. आपल्या घरात आरसा नाही का, विचारलं. आहे, म्हणाली, कपाटाच्या दारावर आहे, त्याला टिकल्या चिकटवल्यात. आणि घरातल्यांना विचारावं तर मान वर न करता चांगलंय म्हणतात.

सगळ्याजणी चार नंबर मागायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिथं बरं कळतं, एवढंच म्हणायच्या. मला मात्र ठाऊक होतं.

कुंभोजकर बाई बाहेर आल्या. मरून रंगाचा कुर्ता. अडतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापक म्हणून, आणि या सगळ्या वर्षांत त्यांना साडीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. वर्षापूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निऱ्यांत पाय अडकून एकदा पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, साडी बंद. बंगळुरूची लेक फोनवरून कुर्ते मागवायची, बाई ते पिशवीत लपवून आणायच्या. गल्लीतल्या लोकांना अजून पत्ता नव्हता. रविवारी संध्याकाळी शाळेचा पन्नासावा वाढदिवस होता. जुने विद्यार्थी जमणार होते आणि बाईंचा स्टेजवर सत्कार होता. म्हणजे ज्या पोरांना त्यांनी शर्ट खोचायला शिकवलं, त्या सगळ्यांसमोर बाई पहिल्यांदा कुर्त्यात दिसणार होत्या.

“सांग,” त्या म्हणाल्या.

“हा परत पाठवा. दंडाला काचतोय. हात जोडताना काखेत ओढेल आणि फोटोत तेवढंच दिसेल.”

त्यांनी हात जोडून बघितले. मान हलवली. वाईट वाटून न घेता खरं ऐकणारी माणसं कमी असतात. शिक्षकांत तर फारच कमी.

“उद्या सकाळी आणखी एक येतोय,” त्या म्हणाल्या. “तो शेवटचा. तो नाही बसला तर मग साडीच नेसते. पडले तर पडले.”

त्या गेल्या आणि आवटी आले. प्रसन्न आवटी आमचे मॅनेजर. वय बत्तीस, सदैव घामाघूम, घरी तीन महिन्यांची मुलगी.

“हेमाताई, त्यांच्या पिशवीत आपला माल नव्हता.”

“मेथी होती.”

“मेथीखाली काय होतं?”

मी टोकनं मोजायला लागले. ते बाजूच्या सोफ्यावर बसले आणि रुमालाने मान पुसत सगळं सांगून टाकलं. पुण्याच्या हेड ऑफिसात ट्रायल रूमवर माणूस ठेवायचा की नाही याचा विचार चाललाय. टोकन द्यायला यंत्र बसवता येतं. सोमवारी निर्णय व्हायचा, म्हणून रेगे मॅडम दोन दिवस बघायला येताहेत. निदान आज-उद्या तरी बाहेरचे कपडे आत सोडू नका, लेबलांचे फोटो काढू देऊ नका, आणि कृपा करून गिऱ्हाइकाला हे परत पाठवा असं सांगू नका.

“तुमची जागा राहावी असं मला वाटतं, म्हणून सांगतो,” ते म्हणाले. खरंच वाटत होतं त्यांना.

मलाही वाटत होतं. पगाराचं तर होतंच. लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आमचे हे कामाला होते तो साखर कारखाना वर्षातले सहा महिने झोपलेला असायचा. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेली बाई. शिवण शिकले ते जुने ब्लाउज उसवून, कुठला तुकडा कुठे जोडलाय ते बघत बघत. घरात, माहेरी, सासरी, कुणी मला कधी हेमा, तुला काय वाटतं असं विचारलेलं मला आठवत नाही. त्या स्टुलावर बसले आणि दिवसाला तीस बायका विचारायला लागल्या. ते स्टूल जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

रेगे मॅडम दुपारी बाराला आल्या. माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. हातात ती पाटीएवढी टॅब. कंपनीच्या नियमाने आमच्या गळ्यातल्या कार्डावर फक्त पहिलं नाव असायचं, त्यामुळे त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं आणि हाक मारली, “हेमलता.” माझ्या सासूबाईंनंतर असं नुसतं नाव घेऊन बोलवणारी ही पहिलीच.

त्यांनी टॅबवर काहीतरी उघडलं. पाच खोल्यांतून माल बरा जातो, म्हणाल्या, चारमधून निम्माही नाही. का?

आवटींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

ही पुण्याची बाई हुशार होती. रॅकवरचा एक निळा ड्रेस घेऊन दोन नंबरमध्ये गेली, घालून आली. मग तोच ड्रेस घालून चार नंबरमध्ये गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला होता. तिने गुडघ्यावर बसून आरशाच्या खालच्या कडेमागे बोटं घातली.

“याच्यामागे पाचर नाही,” ती म्हणाली.

आता सांगायला हवं होतं. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी सुताराने आरसे बसवले तेव्हा मी तिथं झाडत होते. प्रत्येक आरशाची खालची बाजू तो दोन लाकडी पाचरी सारून पुढे काढायचा. म्हणजे आरसा मागे झुकतो आणि समोरचा माणूस उंच दिसतो, बारीक दिसतो, पाय लांब दिसतात. कंपनीचं मापच होतं तसं. चार नंबरपाशी आला तेव्हा पाचरी संपल्या होत्या. जेवून येऊन कापतो म्हणाला आणि जेवून आल्यावर विसरला. सरळ भिंतीला लावून गेला.

मी गवंड्याची मुलगी. भिंतीला ओळंबा लावलेला बघतच मोठी झाले. त्या दिवशी सुतार गेल्यावर मी दोऱ्याला मशीनची बॉबिन बांधून सहाही आरशांना लावून बघितली होती. पाच आरशांत बॉबिन खाली काचेला टेकायची आणि वर दोरा दोन बोटं सुटलेला असायचा. चारला मात्र वरपासून खालपर्यंत दोरा आणि काच एक.

“तुम्हांला किती दिवसांपासून माहीत आहे?” रेगे मॅडमनी विचारलं.

“नऊ वर्षं.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

आवटींनी डोळे मिटून घेतले.

मग मीही जरा जोरात आले. म्हटलं, कमी जातो माल, मान्य. पण चारमधून गेलेला कपडा बदलायला परत आलेला दाखवा. मी फरजानाला बोलावलं. फरजाना मुजावर, मिरजेची, बदली काउंटरवर बसायची आणि दिवसभर लोकांची बोलणी खायची. तिने सरळ सांगितलं. बाकीच्या पाच रंगांच्या पावत्या रोज येतात, घरी जाऊन बघितलं तर वेगळंच दिसतं म्हणून भांडतात. हिरव्या टोकनाची पावती तिने महिन्यातून एखादी बघितली असेल. “त्या बायका भांडतच नाहीत मॅडम,” ती म्हणाली, “मला तर त्यांची तोंडंपण माहीत नाहीत.”

रेगे मॅडमनी ऐकून घेतलं, टॅबवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, परत येणाऱ्या मालाचा विभाग वेगळा आहे, तो आमच्याकडे नाही.

त्यानंतर जे झालं त्याची मी अपेक्षा केली नव्हती. त्यांनी मला शेजारी बसवलं. बायका तुमचं ऐकतात हे मला दिसलं, म्हणाल्या, यंत्राला ते जमणार नाही. मी पुण्याला सांगते, स्टूल काढू नका, उलट यांना सल्लागार करा. वेगळा कोट, वेगळं कार्ड, पगार वाढवून. फक्त दोन गोष्टी. आरसा आजच्या आज नीट करायचा आणि हे म्हणायचं. त्यांनी एक छापील कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर तीन वाक्यं होती. हा रंग तुमच्यासाठीच आहे. यात तुम्ही खूप वेगळ्या दिसता. असा पीस पुन्हा मिळणार नाही.

“उद्या मी इथंच बसून बघणार आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हांला सहज जमेल.”

सुतार गावाला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत आवटींनीच मालाच्या खोक्याची फळी कापून दोन पाचरी केल्या. एका बाजूने आरसा मी धरला. तो काही आपोआप वाकला नाही, मी धरला म्हणून वाकला. आवटी खाली बसून पाचर ठोकत होते आणि मी आरशात आम्हां दोघांना बघत होते. ठोकून झाल्यावर मी दोन बोटं उंच झाले.

संध्याकाळी घरी मी कपाटासमोर उभी राहून ती तीन वाक्यं म्हणून बघितली. स्वयंपाकघरातून ह्यांनी विचारलं, “कुणाशी बोलतीस?” मी म्हटलं, गिऱ्हाइकाशी. तर म्हणाले, “चांगलंय.” मान वर न करताच म्हणाले असणार.

रविवारी फिरता जिना चालू होता, त्यामुळे माणसं आली. रेगे मॅडम सोफ्यावर. मी नवा केशरी कोट घालून स्टुलाशेजारी उभी, कारण सल्लागार बसत नाहीत. आणि सांगते, ते मला खरंच सहज जमलं. पहिलीला रंग सांगितला, तिने घेतला. दुसरीला वेगळी दिसता म्हटलं, तिने दोन घेतले. तिसऱ्या मुलीच्या पाठीवर चेन फुगत होती, ते मला दिसलं, तरी पुन्हा मिळणार नाही म्हटलं. ती खूश होऊन गेली. एका तासात चारमधून पाच कपडे गेले. रेगे मॅडमनी लांबूनच अंगठा दाखवला. आवटींनी मला चहा आणून दिला, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

चहा गोड होता. मला तो जाता जाईना.

साडेअकराला कुंभोजकर बाई आल्या. पिशवीत आज वर कोथिंबीर होती. मी आवटींकडे बघितलं, आवटी रेगे मॅडमकडे. मॅडमना ती पिशवी बघताक्षणी कळली. पण त्यांनी अडवलं नाही. त्या उठल्या, रॅकवरून एक गडद हिरवा लांब कुर्ता काढला, रेशमी, घोट्यापर्यंतचा, आणि माझ्या हातात दिला. “आधी हा घालायला सांगा,” त्या हळूच म्हणाल्या. “बघू पाकीट परत जातं की नाही.”

मी सांगितलं. बाईंना रंग आवडला. त्या आत गेल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दार उघडलं तेव्हा त्या आरशाकडे बघत होत्या आणि माझ्याकडे वळायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“अगं, मी उंच दिसतेय,” त्या म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता. “घोट्यापर्यंत बरोबर आलाय ना?”

आरशात बरोबर आला होता. आरशाबाहेर उजवीकडची कड फरशीला लागत होती. ऑपरेशननंतर त्या उजव्या पायावर भार टाकायला बघायच्या नाहीत, कंबर तिकडे कलायची. सपाट फरशीवर ठीक. पण संध्याकाळी स्टेज होतं आणि स्टेजला पायऱ्या होत्या. पहिल्याच पायरीला कड पायाखाली येणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

मागे दोघीजणी टोकनासाठी थांबल्या होत्या. रेगे मॅडम बघत होत्या.

“सांग,” बाई म्हणाल्या.

“हा रंग तुमच्यासाठीच आहे, बाई,” मी म्हटलं.

त्यांनी आरशावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या वरून. अडतीस वर्षांतल्या पोरांनी त्या नजरेखाली काय काय कबूल केलं असेल कोण जाणे.

“हेमलता,” त्या म्हणाल्या, “हे तू पाठ केलंयस.”

नऊ वर्षं मी इतरांच्या पाठी बघून खरं बोलत होते. माझी पाठ कुणी बघितली नव्हती.

“होय,” मी म्हटलं. “कार्डावर लिहिलंय तसं. आणि आरसा वाकवलाय, बाई. काल आम्हीच वाकवला. मी धरला होता. यात पायऱ्या चढू नका, पडाल.”

मी खिशातून बॉबिन काढली, आत जाऊन आरशाला लावली. खाली टेकली, वर दोरा दोन बोटं सुटला. मागच्या दोघींनी माना आत घातल्या. त्यांतल्या एकीने हातातला ड्रेस रॅकवर परत ठेवला. मग दुसरीने.

“हेमलता,” रेगे मॅडम उठून आल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “तुम्ही काय करताय ते कळतंय ना तुम्हांला?”

“कळतंय,” मी म्हटलं. आणि बाईंना विचारलं, “तुमचं पाकीट कुठाय?”

आतला कुर्ता सुती होता, राखी-निळा, साधा, पोटरीपर्यंतचा. बाई तो घालून बाहेर आल्या. खांदे उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत लांब. बघणाऱ्याला वाटलं असतं, दुसऱ्याच कुणाचा आलाय. पण पाय मोकळे होते. मी त्यांना पाच पावलं चालायला लावलं, मग फिरत्या जिन्याशेजारच्या साध्या पायऱ्या चढायला लावल्या. चढल्या. कठड्याला हात न लावता.

“हा ठेवा,” मी म्हटलं. “खांदा अर्धा इंच उचलते, बाही आत घेते. अर्धा तास बसा.”

मी केशरी कोट काढला, घडी केली, त्यावर गळ्यातलं कार्ड ठेवलं, त्यावर ती तीन वाक्यं, आणि सगळं सोफ्यावर नेऊन ठेवलं. मग स्टुलावर बसले, सुई ओवली आणि कंपनीच्या दुकानात, कंपनीच्या उजेडात, दुसऱ्याच कंपनीचा कुर्ता शिवायला घेतला.

“मला हे रिपोर्टमध्ये लिहावं लागेल,” रेगे मॅडम म्हणाल्या.

“लिहा. आडनाव चौगुले. कार्डावर नाहीये ते.”

आवटी खांबाला टेकून उभे होते. मध्येच त्यांनी माझा गार झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा आणून ठेवला. त्यांना बोलणं परवडणारं नव्हतं, हे मला कळत होतं.

बाह्या होईपर्यंत त्या दोघीजणी थांबून होत्या. मला वाटलं, तमाशा बघताहेत. मी दोरा तोडला तेव्हा त्यांतली एक पुढे आली. घरी तीन पाकिटं पडून आहेत, म्हणाली, परत पाठवायची मुदत बुधवारपर्यंत. मग तिने विचारलं, “उद्यापासून तुम्ही कुठं बसणार?”

मला ठाऊक नव्हतं. पण तोंडातून आपसूक गेलं, “घरी. मॉलच्या मागच्या फाटकासमोर. पिवळं दार.”

संध्याकाळी बाईंनी मला सोबत नेलं. मी त्यांच्या शाळेत मागच्या बाकावर बसले, नववीनंतर पहिल्यांदाच कुठल्या शाळेच्या बाकावर. बाईंचं नाव पुकारलं. चार पायऱ्या होत्या. एक टक्कल पडलेला माजी विद्यार्थी हात द्यायला धावला, बाईंनी त्याला तिथल्या तिथे बसवलं. राखी-निळ्या कुर्त्यात त्या चढल्या, आणि हात जोडले तेव्हा काखेत कुठं ओढलं नाही. मी तेवढंच बघत होते.

ते दुकान त्यानंतर सव्वा वर्षाने बंद झालं. फरजाना म्हणते, तुमच्यामुळे झालं मावशी. पण माझं एवढं वजन कुठलं. पाठोपाठ सिनेमा बंद झाला, मग फिरता जिना उचकटून नेला. आता वरच्या मजल्यांच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलीत आणि खाली, जिथं कारंजं होतं तिथं, पार्सलवाल्यांचं गोदाम आहे. सांगलीभर जाणारी पाकिटं तिथूनच निघतात. परत येणाऱ्या पाकिटांच्या टेबलावर फरजाना बसते. मधूनमधून फाटक ओलांडून चहाला येते आणि तक्रार करते की आमच्या गल्लीकडून पाकिटं परत येणं फार कमी झालंय, वरचे लोक कारण विचारतात.

बायका पाकीट घेऊन थेट पिवळ्या दाराशी येतात. काहीजणी तर न फोडताच आणतात. मी कपडे विकत नाही. ठेवा, परत पाठवा किंवा द्या इकडे, एवढंच सांगते. कुंभोजकर बाई येतात, आता पिशवीत भाजी नसते. पाकीट हातात धरून गल्लीतून चालत येतात.

दुकानाचं सामान विकायला काढलं त्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. आवटी उतरले. नोकरी गेलेली, शर्ट तसाच घामेजलेला. टेम्पोत गोधडीत गुंडाळून चार नंबरचा आरसा आणला होता. कुणी मागायच्या आत मी बाजूला काढला, म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून तो आत आणला. खिळे त्यांनीच ठोकले, यावेळीही एका बाजूने मी धरला होता. झाल्यावर मी बॉबिन लावली. वरपासून खालपर्यंत दोरा आणि काच एक.

आवटी समोर उभे राहिले. डावीकडे वळून बघितलं, उजवीकडे वळून बघितलं. मग जरा पोट आत घेतलं.

“हेमाताई, कसा दिसतोय?”

“पोट सुटलंय तुमचं. उद्या मुलाखत आहे ना? शर्ट एक नंबर मोठा घ्या आणि आणून द्या इकडे. बाहीचं मी बघते.”

ते हसले. मोकळं, जोरात. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. जाताना खिशातून त्या दोन पाचरी काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, खोक्याच्या फळीच्या, त्यांच्याच हातच्या. टाकून द्या, म्हणाले.

मी टाकल्या नाहीत. माझ्या मशीनचा मागचा पाय आखूड आहे. त्याच्याखाली बरोबर बसल्या.